घरच्यांसाठी मासे रांधणारी बाई शाकाहारी असू शकते का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्वतः मासे-मटण सोडले, पण घरच्यांसाठी ते रांधावेच लागते, तर अशा शाकाहाराला काही अर्थ उरतो का, ही पहिली. आणि मासे सुटल्यावर अशक्तपणा येऊ नये म्हणून काय खावे, ही दुसरी. पहिलीचे उत्तर ठाम होकारार्थी आहे आणि ते मी सविस्तर देणार आहे, कारण हाच प्रश्न माझ्याच माणसांनी मला वर्षानुवर्षे विचारला आहे.

माझे माहेर आणि सासर दोन्ही मालवण तालुक्यातले. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण आणि गणपती हे दिवस वगळले तर माशाशिवाय जेवण होत नाही, आणि भाजी केली तरी तिच्यात सोडे किंवा सुकट (सुकवलेली कोलंबी, जवळा) पडतेच. अशा घरात मी मासे सोडले ते कोणाचे कीर्तन ऐकून नव्हे, आणि माझ्या गळ्यात माळही नाही. कारण घडले ते कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे. मेलेली कुर्ली फार लवकर बिघडते, म्हणून ती घरात जिवंतच आणावी लागते. साफ करताना आधी डेंगे (नांग्या) मोडायचे, मग पाठीचे कवच उचलून काढायचे, आणि बारीक पाय वाटून त्यांचा रस गाळून रश्शात घालायचा, हे मी लहानपणापासून आईच्या शेजारी बसून करत आले होते. पावसाच्या तोंडाला एके दिवशी डेंगे मोडून झालेली एक कुर्ली ताटात उताणी पडली होती आणि उरलेल्या पायांनी सरळ व्हायची धडपड करत होती. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग हात धुतले, यजमानांना हाक मारली आणि पुढचे तुम्ही करा म्हणून सांगितले. त्या रात्री मी सोलकढी-भात जेवले आणि त्यानंतर मासे, मटण, कोंबडी यांतले काहीही तोंडात घातलेले नाही.

सासूबाईंनी भांडण केले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "मगे आमचा काय?" हा प्रश्न मला तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो, कारण साठ-सत्तर वर्षे मासे खाल्लेल्या बाईच्या ताटातून तिच्या उतारवयात मासा काढून घेण्याचा अधिकार माझ्या मनात काय आले यावरून मला मिळत नाही. म्हणून आम्ही ठरवले ते असे: बाजारातून कोळीण साफ करून देते ते मासे मी रांधेन, पण घरात जिवंत येणाऱ्या कुर्ल्या आणि विळीवर उघडाव्या लागणाऱ्या तिसऱ्या (शिंपल्या) यांना मी हात लावणार नाही; त्या ज्यांना खायच्या असतील त्यांनी साफ कराव्यात. यजमान ते काम शिकले, आणि नीट शिकले.

चव न घेता कालवण कसे जमते, हे तुम्ही विचारलेले नाही, पण खरी अडचण तिथेच येते म्हणून सांगते. माशाला हळद, मीठ आणि आगळ (कोकमाचा घट्ट रस) लावून तो बाजूला ठेवावा. वाटण, कोकम आणि तिरफळे घालून रस्सा आधी पूर्ण उकळून घ्यावा, मासा पडण्यापूर्वी त्याची चव घ्यावी, आणि माशाच्या अंगचे मीठ रश्शात उतरणार हे धरून मीठ किंचित कमी ठेवावे. मासा शेवटी सोडायचा असतो, त्यामुळे या क्रमाने कालवणात काहीच उणे राहत नाही. भाजीचेही असेच: सोडे घालण्याआधी आपल्यापुरती भाजी वेगळ्या पातेल्यात काढून घ्यावी. तवा मात्र पहिल्या दिवसापासून वेगळा करावा, कारण माशाच्या तव्यावरच्या तेलाचा वास धुऊनही जात नाही.

आता माझ्या नणंदेविषयी. एका मे महिन्यात त्या माहेरपणाला आल्या असताना, मीच केलेले सुरमईचे कालवण भातावर घेऊन, सगळ्यांच्या देखत त्या म्हणाल्या, "तू मासे रांधतंस, मगे शाकाहारी कसली?" पंगतीतले सगळे गप्प झाले. मी तेव्हा जे उत्तर दिले तेच तुम्हालाही देते. संकष्टीचा कडक उपास करणारी आई दुपारी मुलांना वरणभात कालवून भरवते, तेव्हा तिचा उपास मोडला असे आजवर कोणी म्हटलेले नाही. नियम ज्याने घेतला त्याच्या तोंडापुरता असतो. मी काय खाते हे मी ठरवले. इतरांनी काय खावे हे ठरवायला निघाले असते, तर या घरात शाकाहार टिकला नसता आणि माणसेही दुरावली असती.

याहून बोचणारी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या गावात माळ घातलेले पुरुष कमी नाहीत. त्यांच्यासाठी बायका निमूटपणे दुसरे पातेले चढवतात, त्यांचा तांब्या-ताट वेगळे ठेवतात, आणि त्यांच्या व्रताचे गावभर कौतुक होते. त्याच घरात उरलेल्यांसाठी मासे शिजतात, तरी त्या पुरुषाला कोणी ढोंगी म्हणत नाही, कारण रांधणारे हात त्याचे नसतात. बाईने सोडले की मात्र तिच्या शाकाहाराची परीक्षा तिच्या चुलीवर घेतली जाते. हे मला मान्य नाही, आणि तुम्हीही ते मानू नये.

शाकाहाराचा उपयोग दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी करणाऱ्यांनाही माझा तेवढाच विरोध आहे. मुंबईत भाड्याचे घर शोधताना मासे खाता म्हणून आम्हाला घर नाकारले गेले आहे. पुढे मी मासे सोडल्याचे कळल्यावर एका ओळखीच्या बाईंनी "आता तुम्ही शुद्ध झालात" असे म्हटले, तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. माझी आई मासे खात होती आणि ती अशुद्ध नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. आपल्याला माशाची आठवण येते असे वाटते, तेव्हा बहुतेक वेळा आठवण नारळाच्या वाटणाची, कोकमाच्या आंबटपणाची आणि तिरफळाच्या वासाची येत असते, हे मला काही महिन्यांतच उमगले. त्या चवी सोडण्याचे काहीच कारण नाही. नीरफणसाची किंवा सुरणाची कापे मिरचीपूड, हळद आणि आगळ लावून, तांदळाच्या पिठात व रव्यात घोळवून कमी तेलात कुरकुरीत भाजावीत. काळ्या वाटाण्याचे सांबारे आंबोळीबरोबर करावे, ओले काजूगर मिळतात तेव्हा त्यांची उसळ करावी, पावसात अळंबी आणावी. आमच्या मातीत हे सगळे आधीपासून आहे. सोमवारी जे आवडीने जेवतो तेच मंगळवारी जेवायचे आहे. आरंभ करायचा असेल तर पावसाळ्यात करावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे ताजे मासे कमी आणि महाग असतात, आणि त्याच्या आगेमागे श्रावण येतो. गणपतीपर्यंत घरातही फारसे मासे शिजत नाहीत आणि तोवर जिभेला सवय लागते.

प्रथिनांची भीती अनाठायी आहे, पण नुसत्या वरणाच्या पाण्यावर भागणार नाही. रोजच्या जेवणात डाळ दाट असावी आणि एक कडधान्य असावेच. कुळीथ, मटकी, चवळी यांत कोरड्या १०० ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शेंगदाण्यात त्याहून अधिक. कुळथाची पिठी आणि भात हे आमच्याकडे गरिबाचे जेवण समजतात. माझ्या मते ते फार शहाणपणाचे जेवण आहे. डाळी-भाज्यांतले लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू असावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. माशांच्या तेलाची भरपाई जवसाच्या चटणीने काही प्रमाणातच होते, पूर्ण होत नाही.

खरी काळजी घ्यायची ती ब-१२ जीवनसत्त्वाची. ते वनस्पतींपासून भरवशाने मिळत नाही. दूध-दह्यातून मिळते, पण घोटभर दुधाच्या चहातून पुरेसे मिळत नाही. यकृतात त्याचा साठा असल्यामुळे कमतरता लगेच जाणवत नाही, काही वर्षांनी पायांना मुंग्या येणे, थकवा, विसराळूपणा या वाटेने ती वर येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात पुणे परिसरातील लोकांमध्ये ही कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे, तेव्हा आपल्याला काही होत नाही असे धरून चालू नये. मी आमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरुवातीपासून गोळी घेते, वर्षातून एकदा रक्त तपासते, आणि मासे सोडल्याने मी खंगत चालले आहे असे नातेवाइकांत सांगितले जाऊ लागले तेव्हा तपासणीचा कागद मी नणंदबाईंच्या हातात दिला होता. हिमोग्लोबिनही ठीक होते आणि ब-१२ही. त्यांनी तो वाचला आणि पुढे तो विषय काढला नाही. पहिल्या प्रश्नावर मात्र त्या अजून माझ्याशी सहमत नाहीत.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. तुम्ही गरोदर असाल, अंगावर पाजत असाल किंवा पूर्वीपासून रक्त कमी असेल, तर माझ्या अनुभवावर विसंबू नका. डॉक्टरांना विचारून मगच सोडा. आणि मासे रांधण्याची तडजोड मला झेपली म्हणून ती तुम्हालाही झेपलीच पाहिजे असे नाही. वासानेच जीव कासावीस होत असेल, तर ते घरात स्पष्ट बोला आणि आठवड्यातले ठरावीक दिवस मासे रांधण्याचे काम यजमानांकडे किंवा मोठ्या मुलांकडे द्या. कालवणाचा जो क्रम वर दिला आहे तो त्यांना लिहून दिलात तरी पुरेल.