म्हाताऱ्या उंदराच्या यकृतातल्या रोगप्रतिकारक पेशी मोजताना

तुलनेसाठी 3 आणि 20 ते 24 महिन्यांचे सी-57 ब्लॅक-6 या प्रयोगशाळेतल्या वाणाचे उंदीर घे, लिंग एकच ठेव. म्हाताऱ्या उंदराचं पोट उघडलं की आधी प्लीहा बघ. ती फुगलेली असेल किंवा यकृतावर पांढरट गाठी असतील, तर तो उंदीर बाद कर. या वयात लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग) सर्रास आढळतो, आणि असा एकच उंदीर बी पेशींची (लिम्फोसाइटच्या एका प्रकाराची) सरासरी पार बिघडवतो.

पोर्टल शिरेतून कोमट बफर (क्षारांचं द्रावण) सोडताना यकृत लालभडक रंगावरून फिकट बदामी व्हायला हवं. एखादा खंड लालच राहिला, तर त्यातल्या रक्तपेशी तू यकृताच्या म्हणून मोजशील. नुसतं चाळणीवर घासून लिम्फोसाइट मिळतात. कुप्फर पेशी, म्हणजे यकृतातले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), मात्र ऊतीला चिकटून राहतात, त्यांच्यासाठी ऊती सुटी करणारं कोलॅजिनेज हे विकर लागतंच. मग सेंट्रिफ्यूजमध्ये 50 जी वर (गुरुत्वाच्या 50 पट बलाने) 3 मिनिटं फिरव. हेपॅटोसाइट, म्हणजे यकृताच्या मुख्य पेशी, तळाशी बसतात, तुझ्या पेशी वरच्या द्रवात असतात. तो फेकू नकोस!

सगळ्यात मोठा घोळ लिपोफ्युसिनचा. वयानुसार साचणारं हे रंगद्रव्य स्वतःच चमकतं, त्यामुळे मॅक्रोफेजमध्ये नसलेला मार्करही (चमकत्या रंगाने ओळखायचं पेशीचं प्रथिन) दिसतो. म्हणून रंग न लावलेला नमुना प्रत्येक वयाचा वेगळा ठेव. तरुण उंदराचा म्हाताऱ्याला चालत नाही.

म्हाताऱ्या यकृतात स्मृती प्रकारच्या, पीडी-1 (टी पेशींना आवर घालणारं प्रथिन) दाखवणाऱ्या सीडी-8 टी पेशी (बाधित पेशी मारणारे लिम्फोसाइट) वाढलेल्या दिसतील. त्या वाढल्या की कुप्फर पेशींची टक्केवारी आपोआप घसरते, संख्या तीच असली तरी. यकृताचं वजन कर, मोजणीचे मणी (संख्या आधीच माहीत असलेले सूक्ष्म कण) घाल आणि दर ग्रॅमला किती पेशी ते लिही.