फोन मेश वायफाय सारखं सोडतोय? आधी हे बघा

फोन रिसेट करायची घाई नको. मेश म्हणजे घरभर ठेवलेले, एकाच नावाने वायफाय देणारे डबे, त्यातला प्रत्येक डबा म्हणजे नोड. कुठला नोड धरायचा अन् कधी सोडायचा हे शेवटी फोनच ठरवतो, आयफोन तर सिग्नल -७० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक, आकडा शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर) खाली गेल्यावरच दुसरा नोड शोधायला लागतो, म्हणून नोड फार लांब असले की मधल्या पॅसेजमध्ये कनेक्शन जातंच. जुना राउटर त्याच नावाने वायफाय देत असेल तर ते बंद करा, खूपदा घोळ तिथेच असतो. मग फास्ट रोमिंग (फोनला एका नोडवरून दुसऱ्यावर पटकन जाऊ देणारं मेशचं सेटिंग) बंद करून दिवसभर बघा, एका वेळी एकच सेटिंग हं. सगळेच फोन एकदम तुटत असतील तर ५ गिगाहर्ट्झ वायफायचा चॅनल (मेशच्या सेटिंगमध्ये दिसणारा लहरींच्या पट्ट्याचा नंबर) ५२ ते १४४ मधला आहे का पहा, हे चॅनल रडारही वापरतं, तिथे रडारची चाहूल लागली की नोडला चॅनल सोडावाच लागतो, ३६ ते ४८ वर आणा.