गाजर-बटाट्याचं सूप मिक्सरमधून काढल्यावर खळीसारखं चिकट का होतं?

दोष बटाट्याचा. मिक्सर जास्त फिरला की त्यातला स्टार्च सुटतो आणि तार धरतो. चौघांसाठी पाव किलो गाजराला एक लहान बटाटा पुरे. साताऱ्याच्या मंडईत महाबळेश्वरी गाजरं दिसली तर तीच घ्या. मधला दांडा जाड, पांढरट असेल तर काढून टाका, शिजूनही त्याच्या रेषा राहतात.

चमचाभर लोण्यात कांदा झाकण ठेवून मंद आचेवर ७-८ मिनिटं मऊ करा, लाल नको. भाज्या बुडतील इतकंच पाणी, ३ शिट्ट्या. बटाटा वेगळा काढून पळीनं घोटा. बाकीचं कोमट झाल्यावरच मिक्सरला लावा, नाहीतर झाकण उडतं. दोन्ही एकत्र करून गरम करा. गॅस बंद करून अर्धी वाटी कोमट दूध. क्रीम कशाला? लिंबू मात्र नको, दूध फाटेल.