आधी रंकाळा, मग पन्हाळा

परदेशातून कोल्हापुरात येऊन दोघांनी रोज चालायला बाहेर पडायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत.

सुरुवात रंकाळा तलावापासून करा. सकाळी सहाला, रोज त्याच वेळी. वेळ पाळली की तीच माणसं भेटतात आणि आठवड्याभरात "काय पावणं, आज उशीर?" अशी विचारपूस सुरू होते. तुमच्यातलं एकजण दिवसभर घरी एकटं असतं म्हणालात, त्यांच्यासाठी ही ओळख चालण्याइतकीच मोलाची आहे. मराठी मोडकंतोडकं असू दे, बोला.

नवखे हमखास चुकतात ते इथं:

- हौसेनं थेट पन्हाळा ते पावनखिंड. जुलैच्या पावसात, चिखलातून दोन दिवसांची चाल असते ती. यंदा नको.
- एप्रिल-मे महिन्यांत नऊनंतर निघणं. ऊन सोसत नाही.
- आधीच महागडे बूट. साधे, पकड असलेले पुरेत.

महिनाभरानं पन्हाळा. शहरापासून साधारण २० किलोमीटर. वरपर्यंत गाडीनं जा आणि तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी ही गडावरची ठिकाणं पायी बघा. घाई करू नका, गड मोठा आहे.

दाजीपूरचं जंगल, मसाई पठार यांचं पावसाळा सरल्यावर बोलू.