वचन धरलं, पण नोकरी नाही

बाप्तिस्मा होऊन वर्ष झालं नाही आणि विचारतोस, "काका, वचन धरून प्रार्थना केली, तरी नोकरी नाही. चुकलं कुठं?"

तू धरलेलं वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 असणार, देवाचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत, ते. मिरजेत माझ्याही भिंतीवर तेच आहे. पण त्याच्या वरचं 10वं वाच: बाबेलात नेलेल्यांना देव सांगतोय, 70 वर्षं भरल्यावर परत आणीन! ऐकणाऱ्यांतले कितीतरी तिथंच मेले असणार.

आता अध्याय 32, सावकाश. यरुशलेमेला वेढा, यिर्मया पहाऱ्यात कैद, आणि हा गडी चुलतभावाकडून अनाथोथचं शेत घेतोय! 17 शेकेल (तेव्हाचं वजन) रुपं, म्हणजे चांदी, तोललं, साक्षीदार, खरेदीखत, मोहर. मग खत मातीच्या भांड्यात, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. आपल्याकडं हरिपुरात हळद पेवात, जमिनीखालच्या खड्ड्यात, ठेवायचे तसंच की. तोंड बंद करायचं, रोज उकरून बघायचं नाही. (आपल्या तलाठ्यानं तर त्याला वेड्यातच काढलं असतं.)

मला पुढचं जास्त आवडतं. खत झाल्यावर तो देवालाच विचारतो, शहर शत्रूच्या हाती चाललंय आणि तू मला शेत घ्यायला लावतोस? तेव्हा प्रश्न पडला म्हणजे विश्वास गेला, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नको.

मंडळीत साक्ष द्यायला उभा राहिलास तर "देवानं मला नोकरीचं वचन दिलंय" एवढं मात्र म्हणू नको. मी एकदा घरप्रार्थनेत धंद्याबद्दल असंच बोललो होतो. पुढं दोन वर्षं लोक विचारत होते.

अर्ज टाकत राहा. गुरुवारी ये, येताना बायबल आण, मोबाईल नको.