‘त्रास दिला’ म्हणजे नेमकं काय?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

पोलीस ठाण्यातल्या महिला मदत कक्षात नेमणूक झाली, तीही बेळगाव जिल्ह्यातच, आणि तुला मराठी-कन्नड दोन्ही येतात, हे फार बरं झालं. खानापूरकडची बाई मराठीत बोलते, कागद कन्नडमध्ये होतो आणि मधल्या वाटेत तिचं म्हणणं झिजत जातं. तुझं काम तिथंच आहे.

ती म्हणते, “दिरानं त्रास दिला.” लिहिणारा कन्नडमध्ये ‘किरुकुळ’ लिहून मोकळा. शब्दाला शब्द बरोबर. पण त्रास म्हणजे शिवीगाळ, मारहाण, अंगाला हात, की त्याहून पुढचं, यावर कलम ठरतं. आणि आपल्याकडच्या बायका ते पहिल्या दमात उच्चारत नाहीत. तेव्हा “म्हणजे काय केलं?” एवढंच विचार आणि गप्प बस. “हात धरला का?” असं विचारलंस तर ती मान हलवेल, आणि कोर्टात तो शब्द तुझा ठरेल, तिचा नव्हे. “उसाच्या फडात वढत नेलं” म्हणाली तर तसंच मराठीत उतरव, मग कन्नड कर, आणि मराठी प्रत फाइलला जोड. मराठी अर्ज चालत नाही असं कुणी म्हणालं तर घटनेचं 350 वं कलम आहे: राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं.

दुभाषी म्हणून नवरा, सासू, गावचा पंच, शाळकरी पोरगं, कुणीच नको. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 व्या कलमानुसार फिर्याद वाचून दाखवून मगच सही घ्यायची असते. न कळणारी कन्नड भरभर वाचली तर ते वाचणं नव्हे. मराठीत सांग आणि शेवटी ‘मराठीत समजावून सांगितले, बरोबर असल्याचे म्हणाली’ अशी ओळ घालून सांगणाऱ्याचं नाव लिही. प्रत तिला फुकट मिळते. मागायची वेळ तिच्यावर आणू नकोस. बाई मतिमंद किंवा अपंग असेल तर लैंगिक गुन्ह्याचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर घ्यायचा, आणि त्याचं चित्रीकरण करायचं. मूल 18 वर्षांखालचं असेल तर पोक्सोप्रमाणे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याप्रमाणे, शक्यतो महिला पीएसआय लागते, तीही साध्या कपड्यांत. तू एकटीनं जबाब उरकू नकोस. मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही आणि 24 तासांत बालकल्याण समितीला कळवायचं.

हद्दीचं रडगाणं इथं रोजचं. प्रकार शिनोळीत घडला, बाई आली बेळगावात, की “चंदगडला जा” म्हणून वाटेला लावतात. हद्द न बघता शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदव आणि कागद तिकडं पाठव. मराठी मूळ प्रत सोबत असेल तर पलीकडच्या ठाण्याचे चार दिवस भाषांतरात जात नाहीत.

बलात्काराच्या तक्रारीत माहिती मिळाल्यापासून 24 तासांत डॉक्टरांकडं न्यायचं असतं. इथं घात बहुतेकदा मायेनं होतो. बाई रडत येते, कुणीतरी म्हणतं, “तोंड धू, चूळ भर, कपडे बदल.” त्याबरोबर पुरावा गेला. तहान लागली असेल तर आधी दवाखान्याला फोन कर, तोंडाचा नमुना लवकर घ्यायला लाव. तिला ताटकळत ठेवू नकोस. कपडे कॅरीबॅगमध्ये कोंबू नकोस, ओल धरून बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात, वर तारीख, वेळ, सही. अंघोळ करून आली असली तरी तपासणी टाळायची नाही. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. कुणी करायला गेलं तर ‘नाही’ म्हण.

डिसेंबर 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या वंटमुरीत एका बाईला विवस्त्र करून मारहाण झाली, त्या प्रकरणात उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली, आणि दवाखान्यात त्या बाईला भेटायला येणाऱ्यांची रीघही थांबवावी लागली. पुढारी असो की पत्रकार, खोलीच्या दारात तू उभी राहा.

घरातल्या मारहाणीत ठाण्याचा आवडता उपाय म्हणजे तडजोड. दोघांना समोरासमोर बसवायचं, कागदावर सही घ्यायची, घरी धाडायचं. नवऱ्यासमोर बाई होच म्हणते. त्यांना वेगळं बसव. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडून घटनेचा अहवाल भरून घेता येतो. आपल्याकडं हे काम बहुधा तालुक्याच्या सीडीपीओंकडं, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडं, असतं. अर्ज गेला की पहिली तारीख साधारण 3 दिवसांत पडावी, असं कायदा सांगतो. महिला हेल्पलाइनचा 181 आणि मोफत वकिलासाठी 15100 हे आकडे तिच्या वहीत औषधाच्या नावाखाली लिहून दे.

बायकांना फुकट बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळं तिकिटाचा प्रश्न नाही, पण आतल्या गावांची शेवटची गाडी लवकर जाते. सहा वाजता जबाब सुरू करण्याआधी ती झोपणार कुठं ते ठरव.

तपास कुठवर आला हे 90 दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा पहिल्याच दिवशी विचार: हा फोन घरात आणखी कोण उचलतं? कुठल्या वेळी करू? दुसऱ्या कुणी उचलला तर कोण बोलतंय म्हणून सांगू? तिचं उत्तर फाइलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेव, म्हणजे तुझी बदली झाली तरी पुढचीला कळेल.

बाकी भेटीअंती.