जट सोडवण्याआधीचे बोलणे
जट म्हणजे केसांचा घट्ट गुंता; ती देवीची खूण मानून कापत नाहीत. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या नव्या कार्यकर्त्याने जट आलेल्या बाईच्या घरी देवी आहे की नाही हा वाद काढूच नये, कारण त्यावर माणूस ऐकत नाही, हट्टाला पेटतो. आधी मान किती दुखते, झोप लागते का, उवा होतात का, हे विचारावे. न विंचरलेल्या केसांत तेल-मळ साचून जट होते, हे मागाहून सांगावे. खरी भीती बहुधा सासूबाईंना देवीच्या कोपाची असते, म्हणून त्यांच्याशीही तितक्याच आदराने बोलावे आणि जट काढून सुखरूप असलेल्या एखादीची गाठ घालून द्यावी. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा धाक इथे मुळीच दाखवू नये. पुष्कळ जणी केस कापल्यावरही देवीची ओटी भरतात. माझ्या मते तेवढे मतपरिवर्तन पुरेसे आहे.